कौल डावा झाला तर मानायचाच का? एका गुरवाचं जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न दोनदा वाचला. ज्यांच्या नजरेतून सुटला त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. विचारणारे दादा 34 वर्षांचे, ठाण्याला आयटीत नोकरी, गाव कुडाळकडचं. नोकरी सोडून गावच्या जागेत होमस्टे टाकायचं मनात आहे. मे महिन्यात गावच्या रवळनाथाला कौल लावला, म्हणजे देवाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवून हो की नाही ते विचारलं, शब्द होते "नोकरी सोडून गावी येऊन धंदा करू का", कौल डावा झाला, म्हणजे नकार. आईला चैन पडेना, तिने आठ दिवसांनी स्वतःच्या माहेरच्या देवळात लावला, तिथे विचारलं "माझ्या मुलाचं भलं होईल ना", तो उजवा झाला, म्हणजे होकार. आता ह्यांचं म्हणणं, खरा कुठला धरू? डावा मोडला तर काय होतं? आणि मुळात देव बोलतो की ओली पाकळी सुकली की पडते? जागेबद्दल एक ओळ आहे, "काकांचा पण हिस्सा आहे पण ते बोरिवलीला असतात, त्यांना काही पडलेली नाही". ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आधी माझं सांगतो म्हणजे कोण बोलतंय ते कळेल. मी गुरव. सावंतवाडी पट्ट्यातलं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही, लिहिलं की उद्यापासून फोन सुरू होतात. 1993 ला वडील थकले तेव्हापासून कौलाला मी उभा राहतो. चुलतभावांची आणि आमची पाळी असते त्यामुळे वर्षभर मीच असतो असं नाही, पण तीस वर्षांत किती जणांचं गाऱ्हाणं घातलं, म्हणजे त्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने विनवणी केली, त्याचा हिशोब नाही. शिक्षण बारावी. त्यामुळे पोथ्यांमधलं विचाराल तर पास, मी माझ्या देवळात जे बघितलंय तेवढंच सांगू शकतो. आणि गावागावाची रीत वेगळी असते, कुठे पाकळ्या लावतात, कुठे पानं, कुठे तांदळाचे दाणे, काही ठिकाणी ह्यालाच कळे लावणं म्हणतात. गोव्यात गेलात तर प्रसाद लावणं म्हणतील. तुमच्या गावची गावऱ्हाटी, म्हणजे देवकार्याची ठरलेली रीत, काय आहे ते तुमच्या मानकऱ्यांना विचारा, माझं वाक्य त्यांच्या तोंडावर फेकू नका प्लीज.

ज्यांनी कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी, आमच्याकडे सकाळी देवाला आंघोळ घालून पूजा झाली की ओल्या पाकळ्या पाषाणाला उजवीकडे डावीकडे ठरलेल्या जागी चिकटवतात. मग गाऱ्हाणं, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुजा लेकरू तुज्या पायांकडे इलेला आसा" असं सुरू होतं आणि मागे उभे असलेले "व्हय म्हाराजा" म्हणतात. प्रश्न देवाला सांगायचा आणि गप्प उभं राहायचं. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. उजवी म्हणजे देवाची उजवी हां, समोरून बघणाऱ्याच्या डाव्या हाताला येते ती. हे सांगायला लागतं कारण मुंबईहून आलेली माणसं बऱ्याचदा उलटं समजून आधीच रडायला लागतात नाहीतर पेढ्याचा बॉक्स उघडतात. तुम्हाला तुमच्या गुरवाने तोंडाने सांगितलं असेल डावा झाला म्हणून, तर प्रश्न नाही. व्हिडिओ कॉलवर बघून स्वतः ठरवलं असेल तर आधी ते एकदा विचारून घ्या.

आता पाकळीचं. तुमचा संशय बरोबर आहे आणि त्यात पाप वगैरे काही नाही. पाकळी पाण्याने चिकटते आणि पाणी सुकलं की सुटते, हे मला कोणी शिकवायला नको. पावसाळ्यात गाभाऱ्यात इतकी ओल असते की पाकळी तासतासभर हलत नाही, मे महिन्यात गाऱ्हाणं संपायच्या आत टपकते. ज्या बाजूला समई आहे त्या बाजूला ऊब जास्त. एका चाकरमान्याने श्रद्धेने गाभाऱ्यात पंखा बसवून दिला होता, गुरवाला उकडतं म्हणून, चांगला माणूस, पण कौलाच्या वेळी तो बंद करायची आठवण ठेवावी लागते, एकदा विसरलो तर दोन्ही पाकळ्या उडून माझ्याच डोक्यावर बसल्या. देवळात तेव्हा पिकलेला हशा अजून आठवतो.

तर हे सगळं मला वीस-बावीसच्या वयातच कळलं होतं आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. घरी मागच्या पडवीत मसाल्याचा पाटा उभा करून मी पाकळ्या लावून बघायला लागलो. वहीत उजवी डावी लिहून ठेवायचो. चार-पाच दिवस केलं, साधारण निम्म्याला निम्मं येत होतं. एका दुपारी वडिलांनी पकडलं. मला वाटलं आता पायतण निघतं. ते खाली बसले, वही बघितली, आणि एवढंच म्हणाले, "पाटो झालो, पाकळी झाली, पण झिला, प्रश्न खंय आसा?"

ह्या वाक्याचा अर्थ लागायला मला पुढची दहा एक वर्षं गेली असतील. मी पाट्याला काहीच विचारत नव्हतो. काही पणाला लागलेलं नव्हतं, उजवी पडली तरी मी जेवायलाच जाणार होतो आणि डावी पडली तरी जेवायलाच. माझी आजची समजूत अशी आहे की पाकळी कुठे पडते ह्याच्यापेक्षा माणूस काय घेऊन आणि कशाच्या तयारीने गाभाऱ्यासमोर उभा राहिला ते मोठं आहे, देवाचं काम बरंचसं तिथेच होतं, पाकळी पडायच्या आधी. काही जुनी माणसं ह्यावर माझ्याशी भांडतात, भांडू देत.

कौल हा शब्द पण बघा. घरावरची मंगलोरी कौलं नव्हे. हा अरबीतून आलाय, अर्थ बोल, दिलेला शब्द. शिवकाळात, पेशवाईत गाव ओस पडलं, जमीन पड राहिली की रयतेला परत वसवायला सरकारकडून कौल दिला जायचा, कौलनामा. म्हणजे या, जमीन कसा, पहिली काही वर्षं सारा कमी घेऊ, मग दरवर्षी थोडा थोडा वाढवत पूर्ण दरावर नेऊ, त्याला इस्तावा म्हणायचे. ह्यात पीक येईलच अशी गॅरंटी सरकार देत नव्हतं. अभय द्यायचं, आणि रयतेने नांगर धरायचा, शब्द दोन्हीकडून. मला देवाचा कौल असाच दिसतो. उजवा कौल मिळाला म्हणजे धंदा चालणार असा त्याचा अर्थ काढून लोक लोन घेतात आणि दोन वर्षांनी येऊन मला विचारतात की देवाने तर हो म्हटलं होतं. अहो हो म्हटलं होतं नांगर धरायला.

ह्यावरून तुमच्या दोन कौलांकडे येऊ. मला तरी त्यात भांडण दिसत नाही कारण दोन्हीकडे प्रश्नच वेगळा होता. तुम्ही विचारलं "नोकरी सोडून धंदा करू का", आईने विचारलं "मुलाचं भलं होईल ना". आता आईच्या प्रश्नाला देव दुसरं काय सांगणार सांगा मला, नाही होणार भलं? आईने विचारलं पण नव्हतं खरं तर, तिने मागितलं. देवापुढे मागणं वेगळं आणि विचारणं वेगळं. दोन्हीला जागा आहे पण मागण्याला मिळालेलं उत्तर विचारण्याच्या खात्यात जमा करता येत नाही. तुमचं भलंही होऊ शकतं आणि तो धंदा नकोही असू शकतो, दोन्ही एकत्र बसतंय. आईला मात्र हे असं तोंडावर सांगू नका, ती माऊली काळजीने गेली होती. तिला सांगा तुझा कौल पण खराच आहे.

आणि एक रीत आमच्याकडे पाळतात, एकाच प्रश्नाचा कौल मनासारखा आला नाही म्हणून दुसऱ्या देवळात जायचं नाही. देव रागावतो म्हणून नव्हे. तीन दुकानं फिरून चौथ्याकडे आपल्या मापाची चप्पल मिळणारच, मग त्याला कौल कशाला म्हणायचं. विचारायचं असेल तर त्याच देवाला पुढचा प्रश्न विचारा. डावा झाला की चांगला गुरव तिथे थांबत नाही, तो पुढे विचारतो, आत्ता नको का, अशा तऱ्हेने नको का, काही राहिलंय का, कोणाचा मान चुकलाय का, राखणदाराचं, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाचं, काही आहे का. तुमच्याकडे असं पुढे विचारलं होतं का ते तुम्ही लिहिलेलं नाही. मे महिन्यात चाकरमान्यांची गर्दी असते, दहा जण मागे रांगेत, गुरव पण घाई करतो, मी पण केलेली आहे. त्यामुळे ह्यात तुमची चूक काढत नाही.

पण प्रश्नाचे शब्द परत बघा. "नोकरी सोडून गावी येऊन धंदा करू का" ह्यात किती प्रश्न आहेत? नोकरी सोडू का हा एक, गावी राहू का हा दुसरा, धंदा करू का हा तिसरा, आणि ज्या जागेत करायचाय त्या जागेचा चौथा, जो विचारलेलाच नाही. तिघांपैकी कशाला नकार आला ते पाकळीने कसं सांगायचं? मी माणसाला गाभाऱ्यात घ्यायच्या आधी बाहेर सभामंडपात बसवतो आणि म्हणतो, मला प्रश्न सांग. तो सांगतो. मग म्हणतो, आता असा सांग की हो आलं तर उद्या सकाळी तू नेमकं काय करशील आणि नाही आलं तर काय करशील. निम्मी माणसं इथेच अडकतात. काही जण चहा पिऊन परत जातात, नंतर येतो म्हणतात, येत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचं काम झालेलं असतं.

काकांच्या ओळीवर येतो. बरीच वर्षं झाली, एक घर आलं होतं जमीन विकायचा कौल लावायला. तिघे भाऊ, एजंट बाहेर गाडीत बसलेला. पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, काही नाही. अर्धा तास, तास, दीड तास, दोन्ही पाकळ्या जागच्या जागी. दिवस पावसाळ्याचे नव्हते. आमच्याकडे असं झालं की म्हणतात देव गप्प आहे, प्रश्नात काहीतरी कमी आहे. मी विचारलं, कोणाचं नाव राहिलंय का. तिघेही नाही म्हणाले. त्यांची म्हातारी आई खांबाला टेकून बसली होती, ती हळूच म्हणाली, "चेडवाचा नाव कोण घेतलाच नाय." बहीण दिलेली होती कणकवलीकडे, सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, तिला हक्कसोडपत्रावर सही करायला बोलवायचं ठरलं होतं पण कशाची सही ते सांगितलेलं नव्हतं. तिचं नाव गाऱ्हाण्यात घेतलं आणि पाकळी पडली. डावी. मोठा भाऊ भडकला, एजंट निघून गेला. पाकळी नाव घेतल्यामुळे पडली की दीड तासाने सुकून पडली, मला माहीत नाही, मी त्यावर पैज लावणार नाही. पण म्हातारीच्या तोंडून ते वाक्य बाहेर पडायला दीड तास लागला आणि तो दीड तास दुसऱ्या कुठल्याही जागी तिला कोणी दिला नसता हे मी छातीठोक सांगतो. कायद्याने तर 2005 पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा मुलाइतकाच आहे, म्हणजे वकिलाकडे गेले असते तरी हेच ऐकलं असतं, फक्त फी देऊन.

तुम्ही काकांबद्दल लिहिताना "त्यांना काही पडलेली नाही" असं लिहिलंय. हे त्यांनी सांगितलंय की तुम्ही ठरवलंय? मला तुमच्या घरातलं काही ठाऊक नाही, असेलही तसं. पण कोकणात निम्म्या सातबाऱ्यांवर दहा-पंधरा नावं असतात आणि होमस्टे चालायला लागला की बोरिवलीच्या माणसाला गाव आठवतं, हे मी बघितलंय. तुमचा डावा कौल त्यासाठीच होता असं मी म्हणणार नाही, ते सांगायचा अधिकार मला नाही. एवढंच म्हणतो, प्रश्न अर्धा होता.

काही गोष्टींचा कौल मी लावत नाही, तेही सांगून टाकतो, नाहीतर हे वाचून कोणीतरी भलतंच घेऊन जाईल. आजारपणाचा लावत नाही. मी नवीन होतो तेव्हा एकाला काजूच्या बागेत फुरसं, विषारी साप, चावलं, घरच्यांनी आधी देवळात आणलं, मी पण शहाणा, पाकळ्या लावल्या. अर्धा-पाऊण तास गेला. मग सरकारी दवाखान्यात नेलं, प्रतिविषाचं इंजेक्शन मिळालं, माणूस वाचला पण हाताचं एक बोट गेलं. तो आजही भेटला की हसून बोलतो आणि मी त्याच्या हाताकडे बघू शकत नाही. त्यानंतर छातीत दुखतंय, ताप उतरत नाही, असं कोणी आलं की मी स्वतः रिक्षा बोलावतो, गाऱ्हाणं नंतर घालू. दुसरं म्हणजे करणी कोणी केली, चोरी कोणी केली, असा माणसाचं नाव काढायचा कौल लावत नाही. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात एखाद्यावर करणीचा ठपका ठेवणं आणि साप-विंचू चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून अडवणं दोन्ही गुन्हे आहेत, पण कायदा यायच्या आधीच मी हे बंद केलं होतं. तिसरं, दुसऱ्याच्या आयुष्याचा कौल. मुलीचं लग्न ह्या स्थळाशी करू का असं बाप विचारतो तेव्हा मी विचारतो, मुलगी कुठे आहे? ती येऊन विचारू दे.

आता तुमचा खरा घाबरवणारा प्रश्न, डावा मोडला तर काय होतं. ह्यावर लोक तुम्हाला शंभर गोष्टी सांगतील, कोणाची म्हैस मेली, कोणाला अपघात झाला. मी माझी सांगतो. 2009 साली घराची दुरुस्ती काढली होती, चौकटींना लाकूड हवं होतं, आणि परसात आजोबांच्या वेळचा फणस. फणसाचं लाकूड म्हणजे तुम्हाला माहीतच असेल. स्वतःचा कौल आम्ही स्वतः लावत नाही, चुलतभावाने लावला. डावा. सुतार दारात उभा, विकतच्या लाकडाचा भाव ऐकून माझे डोळे फिरलेले, मी तोडला फणस.

काय झालं? काहीही झालं नाही. चौकटी आजही आहेत, वाळवीसुद्धा लागलेली नाही.

पण पुढचं दीड वर्ष मी कसं काढलं ते मला विचारा. गाय दूध द्यायची कमी झाली, फणस. पोराला दहावीला मार्क कमी पडले, फणस. माझा गुडघा दुखायला लागला, तर तोही फणस. मनातल्या मनात वही उघडली होती, पाट्यासारखीच, आणि जे वाईट होईल ते डाव्या बाजूला लिहीत होतो. शेवटी बायको वैतागून म्हणाली, "देव मोजणा नाय, तुमीच मोजतास." मग एका सकाळी चुलतभावाला बोलावलं, नारळ घेतला, चुकलो म्हणून गाऱ्हाणं घातलं, परसात दोन फणसाची रोपं लावली. त्यातलं एक जगलंय. इतकंच.

मग प्रश्न येतो की काही होत नसेल तर मानायचा कशाला. मी मानतो ते विचारलं म्हणून. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती कौल लावायची. न विचारता फणस तोडला असता तर ती माझी आणि फणसाची गोष्ट होती. देवासमोर उभं राहून सांग म्हटलं, त्याने सांगितलं, आणि मी म्हटलं ते राहू दे. असं माणसाशी केलं तरी आपल्याला रात्री झोप लागत नाही. म्हणून माझा सरळ हिशोब आहे, डावा आला तर थांबायची तयारी नसेल तर विचारू नका. स्वतःच्या अकलेने करा, देवाला नमस्कार करून करा, त्यात काही कमीपणा नाही. रोजच्या शंभरातल्या नव्वद गोष्टी मी तशाच करतो, देवाने अक्कल फुकट दिलेली नाही.

पाळणं म्हणजे काय ते बघायचं असेल तर गावांकडे बघा, एकट्या माणसाला ते लवकर जमत नाही. आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा ठरलेल्या तिथीला नसते, देवीचा कौल झाला की तारीख ठरते, आणि मग लाखो माणसं रजा टाकतात, कोकण रेल्वे जादा गाड्या सोडते. कोणाचा साखरपुडा आहे, कोणाची परीक्षा आहे, बघितलं जात नाही. आचऱ्याला रामेश्वराचा कौल झाला की गावपळण होते, काही वर्षांनी एकदा, अख्खं गाव घरं सोडून वेशीबाहेर झोपड्या घालून राहतं, गुरंढोरं, कोंबड्या, आजारी म्हातारी माणसं सगळी. तीन दिवस तीन रात्री, आणि परत यायलाही कौल लागतो, नाही मिळाला तर मुक्काम वाढतो. शहरातले पाहुणे विचारतात ह्यामागे सायन्स काय, गावाला विश्रांती मिळते का, हवा शुद्ध होते का. असेल. पण म्हातारी माणसं त्यासाठी बोचकं बांधत नाहीत. शब्द दिलाय म्हणून बांधतात, आणि तिथे गेल्यावर ज्याच्याशी वर्षभर बांधावरून अबोला आहे त्याच्याच शेजारी चूल मांडावी लागते. मला वाटतं देवाचं ऐकण्याची हीच खूण धरावी, आपल्याला थोडं अडचणीत टाकतं ते. माझ्या मनातलं माझ्याच सोयीने सांगणारा आवाज आला की मी जरा संशयाने बघतो.

ह्यावरून ते नाणं उडवण्याचं आठवलं. तुमच्या प्रश्नाखाली एकाने लिहिलंय की कौल म्हणजे छापा-काटाच, नाणं वर असताना मनाला काय हवंय ते कळतं, तेच खरं उत्तर. अर्धं पटतं. पाकळीची वाट बघताना माणूस कुठल्या पाकळीकडे बघतोय हे मी रोज बघतो, चोरून बघतात, लहान पोरांसारखं. पण त्यातून फक्त त्याला काय हवंय ते कळतं. मला फणस तोडायचा होता हे मला नाणं न उडवता माहीत होतं. हवंय ते आणि करावं ते, ह्यातलं अंतर कळावं म्हणून तर देवळाची पायरी चढतो ना आपण.

मग देऊळ जवळ नसताना, ठाण्याच्या लोकलमध्ये, ऑफिसात, कसं ऐकायचं? हे मी कमी लिहितो कारण माझा अनुभव गाभाऱ्यातला आहे, लोकलमधला नाही. मी घरी जे करतो ते सांगतो. सकाळी पूजा झाल्यावर घंटा वाजवायच्या आधी थोडा वेळ नुसता बसतो आणि मनात असलेला प्रश्न मोठ्याने, ओठ हलवून सांगतो, गाऱ्हाण्यासारखा, ज्या ज्या माणसाचा त्यात संबंध आहे त्याचं नाव घेऊन. मनातल्या मनात माणूस फार खोटं बोलतो, मोठ्याने बोलताना जीभ अडखळते. कुठल्या नावावर अडखळली ते बघायचं. उत्तर त्या दिवशी मिळत नाही. पण आठ पंधरा दिवस तेच नाव तसंच अडकत राहिलं तर मी समजतो की देव तिथे बोट ठेवून बसलाय, आणि त्या माणसाला फोन करतो. बऱ्याचदा विषय तिथेच सुटतो आणि कौलापर्यंत जावंच लागत नाही.

तर तुमच्यासाठी माझं मत, पटलं तर घ्या. डावा कौल आहे तो आहे, त्याला धरून सध्या राजीनामा देऊ नका. त्याचा अर्थ कायमचा नकार असा मात्र घेऊ नका. दरम्यान जे विचारायला देव लागत नाही ते करून टाका. सातबारा काढा, किती नावं आहेत बघा. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेची माहिती घ्या. एक पूर्ण पावसाळा गावच्या घरात रजा टाकून राहून बघा, जूनमध्ये लाईट जाते आणि चार-चार दिवस नेटवर्क नसतं तेव्हा बायको-मुलांचं काय म्हणणं पडतं ते कौलापेक्षा स्पष्ट कळेल. आणि बोरिवलीला जा. फोन नको, जा. काकांसमोर बसून सांगा मला हे करायचंय आणि डावा कौल झालाय हेही सांगा, ते लपवू नका, म्हाताऱ्या माणसाला त्यावर काही आठवण निघू शकते जी तुमच्या वडिलांनी तुम्हाला कधी सांगितली नसेल.

एवढं झाल्यावर परत विचारावंसं वाटलं तर विचारा, त्याच देवाला, एकच प्रश्न, छोटा. "ह्या जागेत दोन खोल्या बांधू का" इतका छोटा. मेच्या गर्दीत नको, गणपती उरकून चाकरमानी परतले की जा, देवळं तेव्हा मोकळी असतात, गुरवाला वेळ असतो. काकांना बाजूला उभं करा आणि गाऱ्हाण्याला व्हय म्हाराजा त्यांना म्हणू दे. पाकळी पडायला उशीर लागेल, पावसाची ओल असते, घाई करू नका. आणि आत जायच्या आधी गुरवाला पंखा बंद आहे ना ते एकदा विचारून घ्या.